'सरकारी वकील पाहिजे का?'

संपादक महोदय,

दंडाधिकारी न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून माझी बहुतेक नोकरी गेली. रिमांडच्या वेळचं, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोठडीसाठी न्यायालयापुढे आणतात तेव्हाचं, एक दृश्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

पुकारा झाला. शिपायाने विशीतल्या एका पोराला दंडाला धरून पुढे आणलं. साहेबांनी विचारलं, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' पोराने आधी मागच्या हवालदाराकडे पाहिलं, मग नकारार्थी मान हलवली. 'वकील दिलाय?' 'नाही.' 'सरकारी वकील पाहिजे का?' त्याने समोरच्या एपीपींकडे, म्हणजे पोलिसांची बाजू मांडणाऱ्या सहायक सरकारी वकिलांकडे, बोट केलं. 'हे आहेत की.'

कोर्टात हशा पिकला. मीही हसलो. आता सांगा, त्याचं काय चुकलं? न्यायालयात सरकारी वकील म्हणतात ते आरोपीची कोठडी मागणाऱ्यालाच. फुकट मिळणारा वकील वेगळा, तो विधी सेवा प्राधिकरणाचा, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. रोजनाम्यात, म्हणजे कामकाजाच्या नोंदीत, मी लिहिलं, 'आरोपीस वकील नको.' तीन दिवसांची पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाली. सगळं मिळून दोन मिनिटं.

आरोपीने मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधल्या भागलपूरच्या अंधीकरण प्रकरणात (तिथे पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडले होते), १९८० च्या अखेरीस, फेटाळली होती. गरीब आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभं करतात तेव्हापासून सरकारी खर्चाने वकील, आणि हा हक्क त्याला समजावून सांगणं दंडाधिकाऱ्याचं काम. पुढे १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अटही ठेवली नाही.

मग घोडं अडतं कुठे? माझ्या मते कसाबच्या अपिलात. २०१२ च्या त्या निकालाने हेच कर्तव्य पुन्हा बजावलं, ते न पाळणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर खातेनिहाय चौकशीची तरतूदही सांगितली. पण पहिल्या हजेरीला वकील नव्हता एवढ्यावरून खटला रद्द होत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान झालं, हे आरोपीने दाखवायचं. म्हणजे चूक झाली तरी खटला शाबूत. अशी चौकशी झालेली मी माझ्या नोकरीत पाहिली नाही.

खरं तर त्या दोन मिनिटांतच बरंच ठरून जातं. पोलीस कोठडी की न्यायालयीन, किती दिवस, अटकेला कारण काय. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं की, अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्या आणि उशिरात उशिरा म्हणजे रिमांडच्या दोन तास आधी द्या. उत्तम. पण तो कागद हातात घेऊन साहेबांपुढे बोलणार कोण? तीच गत डिफॉल्ट बेलची. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काचा, मात्र त्यासाठी अर्ज लागतो. अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं की हक्क गेला. आत बसलेल्या माणसाचे दिवस मोजणारं कोणीतरी बाहेर हवं.

आता आरोपींना फुकट वकील पुरवणारी विधी सेवा प्राधिकरणाची लोकअभिरक्षक कार्यालयं झाली आहेत, तिथली काही तरुण मंडळी मनापासून काम करतात. पण रिमांडची हाक झाल्यावर त्यांना शोधायला शिपाई धाडायचा आणि ते येईपर्यंत आदेश टाइप व्हायचा, याला वकील देणं म्हणत नाहीत. आरोपी न्यायालयाच्या आवारात आला की वकिलाने आधी त्याला गाठावं, पोलिसांच्या कानाआड पाच मिनिटं बोलावं, मग पुकारा व्हावा. रोजनाम्यात 'वकील नको'च्या जागी वकिलाचं नाव आणि भेटीची वेळ यावी. आणि प्रश्न असा विचारावा: 'तुमच्या बाजूने बोलायला फुकट वकील आहे. त्यांच्याशी बोलणं झालं का?'

परवा एका जुन्या सहकाऱ्याला फोनवर विचारलं, हल्ली काय विचारतात? म्हणाला, 'तेच. सरकारी वकील पाहिजे का?'

– एक निवृत्त बेंच क्लार्क
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)