बाबांचा क्लिक थ्री सापडला

प्रिय बंड्या,

अरे माळा साफ करताना काय सापडलं ओळख, बाबांचा आगफा क्लिक थ्री कॅमेरा! तोच, बडोद्यात बनलेला. चामडी कव्हरचा पार भुगा झालाय पण खटका अजून वाजतो. लगेच महाबळेश्वरची ट्रिप आठवली, बारा फोटोंचा रोल आणि अकराव्यानंतर तू "बघू तरी काय आलंय" म्हणत मागचं झाकण उघडलंस, सगळ्या रोलला लाईट लागला. बाबा तुला काही बोलले नाहीत, मला मात्र घरी गेल्यावर चांगलंच ऐकावं लागलं.

मग रात्री फोटो आणि कॅमेऱ्यांच्या इतिहासाबद्दल वाचतच बसलो. निएप्स नावाच्या फ्रेंच माणसाने 1826-27 च्या सुमारास खिडकीतून दिसणारी छपरं टिपली, कथलाच्या पत्र्यावर डांबर लावून, त्याला निदान आठ तास लागले, काही जण तर कित्येक दिवस म्हणतात, म्हणून त्यात ऊन दोन्हीकडच्या भिंतींवर पडलेलं दिसतं. सकाळ-संध्याकाळ एकाच फोटोत, बोल! पुढे दागेर नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने हे काम काही मिनिटांवर आणलं. त्याचा 1838 चा पॅरिसच्या रस्त्याचा फोटो नेटवर बघच, भर वर्दळीचा रस्ता पण सगळा ओस, कारण हलणारं काहीच उमटलं नाही, फक्त एक जण बूट पॉलिश करून घेत उभा होता म्हणून तो आला. नाव कुणालाच माहीत नाही बिचाऱ्याचं.

आणि ईस्टमन नावाच्या अमेरिकन माणसाने 1888 ला कोडॅक कॅमेरा काढला तो तर खास तुझ्यासाठीच होता. आत 100 फोटोंचा रोल, संपला की अख्खा कॅमेराच कंपनीला पाठवायचा, ते रोल धुणार, नवीन भरून परत देणार. झाकणाला हात लावायचं कामच नाही!

गंमत म्हणजे 1975 ला डिजिटल कॅमेरा पण कोडॅकच्याच सॅसन नावाच्या इंजिनिअरने बनवला, साडेतीन किलोचं धूड, एक फोटो कॅसेटवर जायला 23 सेकंद. साहेब लोकांनी फार मनावर घेतलं नाही आणि 2012 ला कंपनी दिवाळखोरीत. मला खरंच वाईट वाटलं.

बरं, मुख्य गोष्ट राहिलीच. कॅमेऱ्यात रोल आहे रे! मागच्या लाल काचेतून 9 आकडा दिसतोय. आधीचे कुणाचे असतील काय माहीत, बहुतेक आईचे. दिवाळीला ये, उरलेले काढू आणि मग धुवायला टाकू. झाकणाला मी आत्ताच चिकटपट्टी मारून ठेवलीय.

तुझा,
पक्या