बाइंडिंगवाल्या काकांना, कागदाचा उभा-आडवा दाखवल्याबद्दल

आदरणीय काका,
नमस्कार.

हे खरं तर दुकानात येऊन बोलायला हवं होतं. पण जूनमध्ये तुमच्याभोवती वह्यांच्या थप्प्या असतात आणि मी आभाराचा विषय काढला की तुम्ही चहा सांगता. म्हणून लिहून टाकते, तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

गेल्या जुलैत मी पहिल्यांदा शुक्रवार पेठेत तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या हातात पंचगंगेचा घाट होता. २२० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड, पांढऱ्या आयव्हरी कागदाचे नऊ थर, एकावर एक. पायऱ्या, छोटी देवळं, त्यांचे कळस, सगळं ११ नंबरच्या ब्लेडनं कापलेलं. तीन आठवडे त्यात गेले होते. रंग कुठेच नाही, सावलीनंच चित्र दिसावं असं मनात होतं. आणि पावसाच्या पहिल्याच झडीत ते सगळं तळलेल्या पापडासारखं वाकडं झालं. मी फेविकॉलला आणि कोल्हापूरच्या दमट हवेला दोष देत बसले होते.

तुम्ही समोरून बघितलंच नाही. आधी उलटं केलं. मग माझ्याच कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या, एक उभी, एक आडवी, आणि दोन्हींवर एका बाजूनं ओलं बोट फिरवलं. एक पट्टी गुंडाळून बांगडीसारखी झाली. दुसरी जागेवरच राहिली, फक्त कडांनी पन्हळीसारखी जरा उचलली. "कापडाला उभा-आडवा असतोय न्हवं? तसाच कागदाला बी असतोय," एवढंच तुम्ही म्हणालात.

दोन वर्षं मी कागद कापत होते आणि हे मला माहीत नव्हतं. गिरणीत कागदाचा लगदा धावत्या जाळीवर पडतो, तंतू बहुतेक त्या धावेच्या दिशेनं झोपतात. पाणी लागलं की तंतू जाडीनं फुगतो, लांबीला फारसा वाढत नाही. म्हणून कागद मुख्यतः तंतूंच्या आडव्या दिशेनं पसरतो. मी तर कागद वाचवायचा म्हणून जसा तुकडा बसेल तसा कापला होता. नऊ थर नऊ दिशांना ओढत होते आणि मी वरून आणखी डिंक लावत होते.

त्यानंतरच्या शनिवारच्या दुपारी मी मोजलेल्या नाहीत. मैद्याची खळ, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. खळ लावली की लगेच चिकटवायचं नाही, कागदाचं फुगणं पुरं होऊ द्यायचं. पुढं एक कागद लावला तर मागूनही तेवढाच लावायचा, म्हणजे ओढ सारखी होते. रात्रभर फरशीच्या वजनाखाली. थरांच्या मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या देऊन दोन-दोन मिलिमीटर जागा सोडायची, हेही तुमच्याच दुकानात सुचलं, आणि त्या फटींत सावली येऊन बसली. घरी वरच्या ट्यूबलाइटखाली ती पुसून जायची, तेव्हा तुम्ही म्हणालात, "किरणोत्सव बघितलायस न्हवं? मावळतीचं ऊन आडवं येतंय म्हणून देवळात आत अंबाबाईपातुर पोचतंय." त्या दिवसापासून माझा दिवा टेबलाच्या पातळीला आहे.

पण ज्यासाठी मुख्य हे पत्र आहे ती गोष्ट वेगळी. माळ्यावरून तुम्ही एक खतावणी काढलीत. पुठ्ठ्यावर अबरीचा, म्हणजे रंगांच्या लहरी उमटवलेला कागद, ओल्यानं रंग एकमेकांत गेलेले. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात तीन दिवस पाण्यात राहिलेली. पानं कोरी, कडांना गाळाच्या तपकिरी रेघा, आणि प्रत्येक पानावर लाटा. खऱ्या लाटा, शिवणीपासून सुटून कडेकडे मोठ्या होत गेलेल्या. मी हात फिरवत राहिले. तुम्ही मान खाली घालून म्हणालात की कागद आडवा लागला होता, तंतू शिवणीला समांतर जायला पाहिजे होते, पान शिवणीच्या दिशेनं फुगलं पण शिवणीनं धरून ठेवलं, म्हणून असं झालं. चूक माझ्याच हातची, विकली नाही, टाकलीही नाही. एवढ्या वर्षांचा अनुभव असलेला माणूस आपली चूक नवख्या मुलीसमोर उघडून ठेवतो, हे मी त्याआधी बघितलं नव्हतं. आणि ती वही तुम्ही मला दिलीत.

माझ्या घाटाला आतापर्यंत नदी नव्हती. मी कापून पाणी करायला बघत होते आणि ते लोखंडी पत्र्यासारखं दिसायचं. तुमच्या वहीची चार पानं मी कापली नाहीत, फाडली. तंतूंच्या दिशेनं फाडलं तर रेघ सरळ जाते, आडवं फाडलं तर कड कुरतडल्यासारखी येते, मऊ, पांढऱ्या केसाळ कडेची. तसं आडवं फाडलं. पायऱ्या ब्लेडनं कापलेल्या, पाणी हातानं फाडलेलं, आणि त्यावर पुराचाच गाळ. कामाला नाव दिलं 'त्रेचाळीस फूट'. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची ही धोक्याची पातळी कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. प्रदर्शनात एक आजी त्या गाळाच्या रेघेवर बोट ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. हात लावू नका असं मी म्हणाले नाही.

शेवटच्या दिवशी तुम्ही दुकान लवकर बंद करून आलात. फ्रेम आणि भिंत यांच्या फटीत डोकावून आधी मागची बाजू बघितलीत. "सपाट हाय," म्हणालात. मग पुढून बघितलंत, त्या चार पानांशी थांबलात, आणि काही न बोलता गेलात. माझेही शब्द घशातच राहिले. ते आज इथे लिहिते: काका, मनापासून आभार.

वहीची उरलेली पानं मी वजनाखाली जपून ठेवली आहेत. हंगाम संपला की शनिवारी येते. खळ मी करून आणेन, मोरचूद तेवढं तुम्ही घाला.

तुमची,
शनिवारची मुलगी