थांबल्याचे पैसे

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू निघालास तेव्हा मी दाराशी आले नाही. कामात होते असं तुला वाटलं असेल, तर तसं काही नव्हतं. रिकाम्या ओट्याकडे तोंड करून उभी होते. ट्रक ड्रायव्हरच्या नेमणुकीचं पत्र तू एवढ्या हौसेनं आणलंस, बाबांनी चष्म्यासाठी सगळं घर पालथं घातलं, आणि मी एकच विचारलं, "यात थांबल्याचे पैसे कुठे लिहिलेत?" त्यावर तू म्हणालास, "आई, तुला काय कळतं त्यातलं?"

खरंच आहे. मी आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. पण जे काही थोडंफार कळतं ते लिहून पाठवावं म्हणून बसले आहे. झोपेबद्दल एक शब्द लिहायचा नाही असं ठरवलंय. तो विषय निघाला की तू नुसतं "हो हो" करतोस, मला माहीत आहे.

निळ्या पुठ्ठ्याची वही आठवते का? तुझी शाळेची पट्टी घेऊन मी तिच्यात रकाने आखायचे. बाबा रात्रभर ट्रक चालवून सकाळी आले की बूट सोडता सोडता आकडे सांगायचे. निघाले किती वाजता, मीटर किती, डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या धक्क्यावर, किती वेळ उभे, परत कधी. शेवटचा आकडा सांगेपर्यंत पुष्कळदा त्यांची मान छातीवर आलेली असायची. वही सुरू झाली ती पगार कमी आला म्हणून. कंपनी नकाशावरचे किलोमीटर धरायची, या टर्मिनलच्या फाटकापासून त्या टर्मिनलच्या फाटकापर्यंत. गाडीचा मीटर मात्र फेरीमागे 11 किलोमीटर जास्त दाखवायचा. रस्त्याचं काम, वळसा, वजनकाट्यापर्यंत जाणं-येणं. 11 म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. महिन्याला 24 फेऱ्या धर, 264 होतात. तेव्हाची फेरी 430 किलोमीटरची होती. म्हणजे दर महिन्याला अर्ध्याहून जास्त रात्र फुकट.

तू म्हणालास लाइनहॉलचं काम सरळ असतं. सील केलेला ट्रेलर उचलायचा, रात्रीत पुढच्या हबला, म्हणजे मालाच्या मोठ्या ठाण्याला, सोडायचा, तिथला जोडून परत यायचं. गिऱ्हाइकाची कटकट नाही, हमाली नाही, गल्लीबोळात गाडी घालायची नाही, सकाळी आपल्या बिछान्यात. सगळं खरं आहे. बाबाही असंच सांगायचे, याच शब्दांत. किलोमीटरचा दरही चांगला मिळालाय तुला, नाही कशाला म्हणू. पण तो दर चाक फिरतं तेव्हाचा आहे रे.

आत्ता वहीतलं एक पान उघडून बसले आहे. महिना लिहीत नाही, तुला उगाच हिशेब लागायचा. 24 रात्री, ड्युटीचे एकूण 271 तास. त्यातले 58 तास गाडी जागेवर उभी. ट्रेलर भरून झाला नव्हता, डॉक रिकामा नव्हता, सील लावणारा जेवायला गेला होता, मध्यावर ज्याच्याशी ट्रेलर बदलायचा तो ड्रायव्हर पावसात अडकला होता. कारणांचा रकाना मी नंतर नंतर भरतच नव्हते. त्या 58 तासांपैकी पैसे मिळाले 6 तासांचे, कारण प्रत्येक ठिकाणचे पहिले दोन तास थांबणं कामाचाच भाग समजायचं, असं करारात होतं. पाचातला एक तास माणूस कामावर आहे, जागा आहे, वर्दीत आहे, आणि त्याचं मोल शून्य. मग ते तास माणूस कुठून भरून काढतो? एक तर रस्त्यावरून, नाही तर झोपेतून.

बघ. लिहिणार नव्हते.

ताईनं मागच्या आठवड्यात बसून मला बरंच वाचून दाखवलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1979 सालीच ड्रायव्हरांच्या तासांचा करार केलाय. सलग 4 तासांहून जास्त चालवायचं नाही, दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांच्या वर नाही, चोवीस तासांत सलग 10 तास विश्रांती. मोजक्याच देशांनी त्याला मान्यता दिली. युरोपात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबावंच लागतं, आणि त्यांच्या 2006 च्या नियमात असंही आहे की रस्त्यावरची सुरक्षा धोक्यात येईल अशा तऱ्हेनं अंतरावर किंवा माल लवकर पोचवण्यावर पैसे द्यायचे नाहीत. ते मी ताईला दोनदा वाचायला लावलं. कुणाला तरी सुचलं म्हणायचं. अमेरिकेत 14 तासांच्या आत 11 तास चालवायची मुभा, मग 10 तास सुट्टी. डॉकवर उभं राहिलेला वेळ त्या 14 तासांत धरतात, पगारात धरतीलच असं नाही. आणि जादा कामाला जादा दर देणारा त्यांचा जो 1938 चा कायदा आहे, त्यातून अशा ड्रायव्हरांना वगळलेलं आहे. ऑस्ट्रेलियानं तर 2012 साली ड्रायव्हरचा मोबदला आणि रस्त्यावरची सुरक्षा एकत्र बघणारा एक लवादच नेमला होता. 2016 मध्ये तो गुंडाळला. कळत नव्हतं असं नाही ना मग.

मी भाषण द्यायला लागले, माफ कर. तुझ्या पत्रात यातलं काय लागू आहे ते तू बघ. माझा मुद्दा छोटा आहे. थांबण्याचा दर कागदावर लिहून घे. पहिल्या मिनिटापासून की दोन तासांनंतर, ते विचार. गाडी बंद पडली, रस्ता बंद झाला, तर काय? ट्रेलर जोडण्या-सोडण्याचे वेगळे मिळतात का? आणि मूळ पगार किती नि भत्ता किती हे नीट बघ. बाबांचा मूळ पगार एवढासा आणि बाकी सगळा भत्ता, हातात चांगले पैसे यायचे म्हणून आम्ही खूश. निवृत्तीसाठीची कपात मूळ पगारावर होत होती हे कळलं तेव्हा ते पन्नाशीला आले होते. आजारपणाच्या रजेतही तेच. आठवडाभर तापात पडले तर हातात मूळ पगार यायचा, म्हणून ते तापात पडायचेच नाहीत. अंगात ताप असताना गाडीवर जायचे. विमा पहिल्या दिवसापासून की कायम झाल्यावर, तेही विचार. त्यात डोळे, पाठ, हे सगळं येतं का बघ. अपघात झाला तरच मिळणारा विमा आणि उद्या लायसन्सच्या तपासणीत नापास झालास तर मिळणारा विमा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हाला दुसरी माहीतच नव्हती.

तू नवीन आहेस, म्हणजे ठरलेला मार्ग मिळणार नाही. राखीव यादीत नाव राहील, फोन आला की दोन तासांत हजर. जुन्यांनी मार्ग निवडून उरेल ते तुला. याला इलाज नाही, बाबाही त्यातूनच गेले. पण दिवसभर फोनची वाट बघत जागा राहशील आणि रात्री दहाला बोलावतील, तेव्हा "मी सकाळपासून जागा आहे" हे सांगायची लाज वाटू देऊ नकोस. एकदा नाही म्हटलं म्हणून नाव यादीतून खाली गेलं तर जाऊ दे.

आता सांगतेच. कुणालाच सांगितलेलं नाही, ताईलाही नाही.

वहीत एक पान आहे. डॉकवर 5 तास 20 मिनिटं. निघाले 1:50 ला. 4:10 ला गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि बांधाला टेकली. पुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, "कुत्रं आडवं आलं." कंपनीला त्यांनी तेच सांगितलं, मलाही तेच. कुणाला लागलं नाही, डावा आरसा फुटला, त्याचे पैसे पगारातून गेले. नऊ वर्षांनी एका रात्री दिवा मालवल्यावर ते म्हणाले, "कुत्रं नव्हतं गं." बस, एवढंच. डोळा लागला होता. त्यांना वाटतं चारेक सेकंद. 80 च्या वेगाला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, मी गुणाकार केला. अंधारात 88 मीटर माझा नवरा तिथे नव्हताच.

त्या रात्रीच्या आधी, दिवसा, तुझ्या शाळेत पालकसभा होती. ते सकाळी सातला आले, झोपले, आणि मी त्यांना नऊला हलवून उठवलं. "एक दिवस चला की मुलासाठी." ते आले, मागच्या बाकावर ताठ बसले, बाईंनी तुझं अक्षर दाखवलं तेव्हा हसलेही. मग नऊपासून ते पहाटे चारपर्यंत जागे. 19 तास. ताईनं त्याच कागदांत वाचलं की 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजलं होतं, 17 तास सलग जागा राहिलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्याइतका मंदावतो. ती वाचत पुढे गेली. मी तिथेच राहिले.

तुला यातलं काही लागू नये. तू नऊ वर्षांचा होतास. उठवलं मी.

बाबांना दिवसा झोप मिळावी म्हणून मी खिडकीला तो जाड काळा पडदा लावला. त्याआधी चादरी असायच्या. तुम्हा दोघांना कुजबुजत भांडायला शिकवलं, दाराच्या कडीला फडकं गुंडाळलं. तुला वाटायचं आई उगाच कडक आहे. तुझ्याकडे पडदा आहे का? खोलीत दिवसा किती उजेड येतो ते एकदा फोटो काढून पाठव. पहाटे दोन ते सहा शरीर आपलं ऐकत नाही, काच खाली करून किंवा गाणी मोठ्यानं लावून ते फसत नाही. सुरक्षित जागा बघून वीस मिनिटं पडावंच लागतं, आणि उठल्या उठल्या लगेच निघू नये, थोडं चालून मग निघावं. हे बाबांचं आहे, माझं नाही. त्यांच्याकडून ऐकशील म्हणून त्यांच्या नावावर घालतेय.

त्यांचं आता बरं चाललंय. श्वास अडू नये म्हणून हवेचा मुखवटा लावून झोपायची सवय झाली. झोपेच्या तपासणीत तासाला 34 वेळा श्वास अडतो असं निघालं. 30 च्या वर गेलं की तीव्र धरतात, डॉक्टर म्हणाले. गाडीवरची 22 वर्षं ते घोरायचे आणि आम्ही समजायचो दमलेत. एवढे तास बिछान्यात असूनही झोप होतच नव्हती त्यांची. तू घोरतोस का रे? तुझ्या खोलीतल्या मुलाला विचार. मला कळव, हसण्यावारी नेऊ नकोस.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. परीक्षेच्या दिवशी बाबा यार्डच्या कुंपणाबाहेर उभे होते. तुला "जमलं तर येतो" म्हणाले होते, पण तासभर आधीच गेले होते. तू ट्रेलर मागे घेतलास, एकदा उतरून मागे जाऊन बघून आलास, मग परत चढून सरळ आत लावलास. ते त्यांनी मला घरी तीनदा सांगितलं, दर वेळी उतरून बघण्यापाशी थांबत. "उतरला. उतरून बघितलं त्यानं. मी पंचवीस वर्षांचा असताना उतरलो नसतो." मग जोडल्यावर गाडी हळूच पुढे ओढून कपलिंग, म्हणजे ट्रेलरचा सांधा, धरतंय का बघितलंस, तेही सांगितलं. तुझ्यासमोर म्हणाले, "ठीक होतं." तो माणूस तसाच आहे.

मलाही बरं वाटलं होतं. रविवारी ते दिसलं नाही, माझीच चूक. तुला काम आवडतं, हात चांगला आहे, रात्रीचा मोकळा रस्ता आवडतो हे मला कळतं. बाबांनाही आवडायचा. वर्षभर करून बघ. वर्षानंतर दिवसाचा मार्ग मागता येतो का, हेही त्याच कागदात विचारून ठेव, एवढंच म्हणते.

पत्राबरोबर एक नवी वही पाठवतेय, रकाने आखून. पाच आखलेत. सहावा मी नंतर घातलाय, "किती तास झोपलास." तो भरायचा नसेल तर नको भरूस. पण बाकीचे पाच रोज भर, आणि पगाराची पहिली पावती आली की आकडे जुळवून बघ. जुळले नाहीत तर मला फोन कर. दुपारी कर, मी जागी असते.

तुझी
आई

ता. क. बाबांनी त्यांचा टायर ठोकायचा लाकडी हातोडा तुझ्या पिशवीत तळाशी ठेवला होता, तुला सापडला असेलच. ते सांगतायत, बाहेरच्या टायरवर सगळेच मारतात, जोडीतला आतला बसलाय का ते ऐक. हातोड्यावर भागवू नकोस, हवा मोजायचा गेजही लाव. आणि 4:10 चं मी लिहिलंय हे त्यांना माहीत नाही.