ब्लॅक बेल्टच्या परीक्षेआधी लेकीला पत्र

सातारा

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परीक्षेआधी आणखी एक-दोन काता (कराटेतल्या ठरावीक हालचालींच्या मालिका) शिकून घेऊ का, असं विचारलंस. नको. बासाई-दाई ही काता ठरली आहे, ती पुरे. तिच्यासोबत परीक्षक हेइआन या पायाभूत कातांपैकी कुठलीही एक करायला लावू शकतात, आणि पाया कच्चा असेल तर तो तिथेच दिसतो. म्हणून यापुढे सरावाचा निम्मा वेळ बासाई-दाईला आणि निम्मा हेइआनांतल्या पहिल्या, हेइआन शोदानला दे.

हेइआन शोदान तुला येते, हे मला माहीत आहे. इतोसू आंको यांनी हेइआन मालिका ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी बसवली, त्यामुळे ती सोपी वाटते. एकूण २१ हालचाली, किक एकही नाही. पण कमी गोष्टी असल्यामुळे प्रत्येक चूक उठून दिसते. हॉस्टेलच्या गच्चीवर सुरुवातीला उभी राहशील तिथे टाचांमागे खडूची रेघ मार. काता संपवून यामेला, म्हणजे शेवटच्या सरळ उभ्या स्थितीला, आलीस की खाली बघ. रेघेच्या बरीच पुढे असलीस, तर जाताना आगे-उकेची (वरच्या ब्लॉकची) तीन पावलं लांब पडलीत आणि परतीची ओई-झुकीची (पाऊल टाकून मारलेल्या पंचाची) तीन आखूड. दम लागला की हे हमखास होतं.

दहाव्या हालचालीला २७० अंशांचं वळण आहे. तिथे डावा पाय मागून फिरून येतो आणि घाईत उजव्या पायाच्या रेषेतच पडतो. मग दोन्ही पाय दोरीवर चालल्यासारखे एका ओळीत येतात आणि गेदान-बाराई (खालचा ब्लॉक) करताना तोल जातो. आधी मान वळव, नजर नव्या दिशेला लागू दे, मगच पाय फिरव आणि कमरेएवढं अंतर ठेवून टेकव.

आता झेनकुत्सू-दाची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहणं. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालव. लांबी खांद्यांच्या रुंदीच्या साधारण दुप्पट, दोन पायांतली रुंदी कमरेएवढी, वजन पुढच्या पायावर ६० टक्के आणि मागच्यावर ४०. पुढचा गुडघा पायाच्या अंगठ्याच्या रेषेत हवा. थकवा आला की तो आत झुकतो, आणि गुडघ्याची आतली बाजू दुखायला लागते ती त्यामुळेच. मागचं पाऊल जमेल तेवढं पुढे वळलेलं हवं. ते बाहेर आडवं राहिलं की कंबर अडकते, ग्याकू-झुकी (मागच्या पायाच्या बाजूच्या हाताचा पंच) नुसत्या खांद्याने मारली जाते आणि टाच उचलते. हे ओळखायला आरसा लागत नाही. बेल्टची गाठ बघ. गेदान-बाराईला गाठ ४५ अंश तिरकी दिसली पाहिजे आणि ग्याकू-झुकीला बरोबर समोर. पंच लागला तरी गाठ तिरकीच राहिली असेल, तर हात पोचला पण कंबर पोचली नाही. अशा वेळी पंच सोडून दे. हात कमरेवर ठेव आणि नुसती गाठ तिरकी-समोर, तिरकी-समोर अशी वीस वेळा सावकाश फिरव. मागची टाच जमिनीला चिकटून राहिली पाहिजे.

कोपरासाठी भिंत वापर. उजवी बाजू भिंतीकडे करून, कोपर आणि भिंत यांत बोटभर फट ठेवून उभी राहा आणि हळू पंच मार. कोपर भिंतीला घासलं तर ते बाहेर फाकतंय. मूठ शेवटच्या टप्प्यातच फिरव, आधी फिरवलीस की कोपर बाहेर जातंच. डावा हात मागे खेचण्याकडेही तेवढंच लक्ष दे. हिकितेचा हात ढिला राहिला की पंचाचा निम्मा जोर तिथेच जातो. मूठ लागते ती तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर. मनगट खाली झुकलं तर मुरगळतं. हॉस्टेलच्या भिंतीवर मुठी आपटून हात कडक करायच्या नादी मात्र लागू नकोस.

काता रोज सहा वेळा पुरे: तीन अगदी हळू, दोन मध्यम, एक पूर्ण वेगात. दमलेल्या अंगाने पूर्ण वेगात दहा वेळा केलीस तर चुकाच पक्क्या होतात. सांगलीच्या तालमीतल्या मुलींबरोबर जोर-बैठका मारतेस हे छान आहे, पण ते कराटेच्या सरावानंतर. आधी जोर मारले की खांदे भरून येतात आणि प्रत्येक पंचाला वर चढतात.

कुमितेबद्दल, म्हणजे जोडीने करायच्या लढतीच्या सरावाबद्दल, एक गोष्ट मनापासून सांगतो. गोहोन-कुमितेत (पाच पावलांच्या ठरलेल्या सरावात) समोरच्या मुलीला लागू नये म्हणून काही जणी पंच मुद्दाम आखूड मारतात किंवा कानाच्या बाजूने काढतात. त्यात दया वाटते, पण समोरचीचं नुकसान होतं. न पोचणाऱ्या पंचाला तिने ब्लॉक केला काय आणि नाही केला काय, दोन्ही सारखंच. अंतर चुकलं हे तिला कळतच नाही. नेम सरळ हनुवटीवर किंवा पोटावर ठेव, पूर्ण पाऊल टाक आणि हात कातडीला टेकायच्या आत थांबव. थांबवणं खांद्याने होत नाही, ते मागचा पाय आणि पोट घट्ट करून होतं. सुरुवातीला आणि शेवटी आपण वाकतो, तो मान अशा पंचातूनच खरा ठरतो, असं मी मानतो.

आपल्या कराटे-शैलीचे प्रवर्तक फुनाकोशी गिचिन पेशाने शिक्षक होते. १९२२ साली त्यांनी टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं. कराटेत पहिला वार नसतो, हे त्यांचं वचन कामाकुराच्या एंगाकुजी मंदिरातल्या त्यांच्या स्मारकावर कोरलेलं आहे. हेइआन शोदानची पहिली हालचालही ब्लॉकचीच आहे, म्हणून ती कधी घाईत उरकू नकोस. उभी राहा, श्वास सोड, डावीकडे बघ आणि मगच वळ. परीक्षक हाच क्षण पाहतात.

ड्रेस थंड पाण्यात धू, गरम पाण्याने कॅनव्हास आटतो. परीक्षेसाठी नवा घेणार असशील तर आधी दोनदा धुऊन मगच बाह्या मापून घे.

रविवारी व्हिडिओ पाठव, एक समोरून आणि एक बाजूने. फोन कमरेच्या उंचीवर ठेवायला सांग, वरून घेतला की गुडघा किती वाकलाय ते कळत नाही. आई विचारते, मेसच्या जेवणानंतर किती वेळाने सराव करतेस? दोन तास तरी जाऊ देत जा.

तुझा,
बाबा