बाटलीवरचा आकडा कुणी वाचायचा?

मा. संपादक, स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की घरोघरी ताप सुरू होतो, आमच्याकडेपण झाला. लेक नोकरीसाठी पुण्याला गेलेली, नातू माझ्याकडे, दीड वर्षाचा, वजन बरोबर १० किलो. रात्री अंग तव्यासारखं, काखेत थर्मामीटर लावला तर १०२. लेकीला फोन केला, ती म्हणाली आई, तापाचं औषध अडीच एमएल दे. दिलं. ताप हलेना. चार तासांनी परत दिलं, तरी तेच, मग रात्रभर मी पट्ट्या बदलत बसले.

सकाळी डॉक्टरांकडे बाटली घेऊन गेले तेव्हा कळलं की लेक सांगत होती ते नेहमीच्या बाटलीचं माप. त्यात ५ एमएलला २५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. ती संपली म्हणून मी दुकानातून नवीन आणलेली, ती ५ एमएलला १२० वाली. म्हणजे पोराला निम्माच डोस गेला. डॉक्टर म्हणाले नशीब समजा उलटं झालं नाही, कारण तान्ह्या बाळांचे जे ड्रॉप्स येतात त्यात १ एमएललाच १०० मिलिग्रॅम असतं, ते कुणी सिरप समजून ५ एमएल पाजलं तर जवळजवळ दिवसभराचं औषध एका झटक्यात पोटात, आणि लिव्हरवर येतं ते वेगळंच. औषध तेच, तीन बाटल्यांत तीन मापं!

हिशोब वयावर नाही, वजनावर असतो. एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये चार ते सहा तास, आणि २४ तासांत चार डोसच्या वर नाही. हे मला साठीनंतर कळलं, तीन पोरं वाढवून. आणि आमच्याकडे माप म्हणजे "अर्धा चमचा". कुठला चमचा? चहाचा, पोह्यांचा की मसाल्याच्या डब्यातला?

मोठ्यांचंही तेच. आमच्या ह्यांना मागच्या वर्षी डेंग्यू झाला तेव्हा अंग ठणकतंय म्हणून दुकानातून गोळ्या आणल्या, त्यात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनपण होतं. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या बंद केल्या, म्हणाले डेंग्यूत आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. शिवाय सर्दीची गोळी वेगळी चालू होती, तिच्यातही पॅरासिटामॉलच निघालं, म्हणजे एकच औषध दोनदा पोटात. चौथ्या दिवशी ताप उतरला तसं आम्ही सुटलो म्हणालो, तर डॉक्टर म्हणे आता खरं लक्ष ठेवायचंय, पोटात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस मलूल पडला तर थेट दवाखाना, अर्ध्या रात्री असला तरी.

निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं औषध २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना बंद आहे, तरी मोठ्यांच्या डब्यातली उरलेली गोळी अर्धी करून पोराला देणारी माणसं मी बघितलीत. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि १००.४ जरी दिसला तरी घरी औषध नाही, पट्ट्या नाहीत, सरळ डॉक्टर. (पट्टीला पाणीपण कोमटच, बर्फाच्या पाण्याने पोर कुडकुडतं आणि ताप अजून चढतो. तापात झटका, म्हणजे फिट, आला तर कुशीवर झोपवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही आणि कांदा हुंगवत वेळ घालवायचा नाही, पाच मिनिटांत थांबला नाही तर गाडी काढायची.)

माझं मागणं फार नाही. मुलांच्या औषधाच्या बाटलीवर ५ एमएलला किती मिलिग्रॅम ते मराठीत ठळक छापा, आता जे मुंगीएवढ्या इंग्रजीत असतं ते माझ्या वयाच्या बाईला चष्मा लावूनपण दिसत नाही. दुकानदाराने बाटली बदलून दिली तर तोंडाने सांगायला काय जातं, "आजी, ही हलकी आहे, माप बदलेल". आणि डॉक्टरांनीपण चिठ्ठीवर नुसता चमचा न लिहिता बाटलीचा आकडा आणि एमएल दोन्ही लिहावं.

तोवर मी फ्रिजवर कागद चिकटवलाय, वजन, बाटलीचा आकडा, किती एमएल, किती वाजता दिलं. कालच वजन खोडून ११ केलं.

आपली,
एक आजी, सांगली