डोकं तुम्ही धरा

अंगणवाडीच्या ताई,

सप्रेम नमस्कार. तोंडावर आभार मानायला दोनदा आलो आणि पोषण आहाराचं पाकीट घेऊन गुपचूप परत गेलो. समोर आलो की घसा दाटतो. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

आमची पोर नऊ महिन्यांची होती. शहरातल्या एका नावाजलेल्या दवाखान्यात दोन तास बसल्यावर आमचा नंबर लागला. पोर किंचाळत होती, पाय पोटाशी घेतलेले. एकाने तशीच वरून टेप धरली आणि ६४ सेंटीमीटर म्हणून सांगितलं. डॉक्टर कागदावरूनच बोलले, "वाढ खुंटलीये." पावडरचा डबा लिहून दिला, पुढचा पेशंट आत. पोर काय खाते, आईबाप केवढे, कोणी विचारलं नाही. जन्मावेळचे ४७ आणि सहाव्या महिन्यातले ६२, दोन्ही मापं पिशवीतल्या गुलाबी कार्डावर होती. पिशवी माझ्याच हातात होती, पण ती उघडायचं मलाही सुचलं नाही.

घरी आल्यावर तर विचारूच नका. आत्या म्हणाली, आईचं दूधच पातळ. ते ऐकून हिने दोन दिवस धड भाकरी खाल्ली नाही. काका म्हणाले, हे माप गोऱ्या पोरांचं, आपल्याला कशाला लावायचं? (काका, २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कार्डावरच्या वाढीच्या रेषा आखल्या, तेव्हा सहा देशांतली बाळं मोजली होती आणि त्यात आपल्या दिल्लीचीही होती. हे मलाही नंतरच कळलं.)

तिसऱ्या दिवशी ही रडतच तुमच्याकडे आली. मी केळीच्या कापणीवरून तसाच आलेलो, दाराबाहेर उभा. तुम्ही एवढंच विचारलंत, "काबरं रडी ऱ्हायनी माय?" मग मापाची फळी खाली ठेवलीत, ती गार लागू नये म्हणून वर पातळ फडकं अंथरलंत, पोरीचे मोजे काढलेत, तिच्या हातात वाटी दिलीत. आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "दादा, आत या. डोकं तुम्ही धरा."

ताई, नऊ महिन्यांत मला कोणी काही धरायला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात मी म्हणजे पिशवी आणि पैसे. मी गुडघ्यावर बसलो. टाळू वरच्या फळीला टेकली पाहिजे, नजर सरळ आढ्याकडे, हे तुम्ही माझे हात धरून दाखवलंत. तिचं डोकं माझ्या दोन्ही तळव्यांत होतं, कानांपाशी गरम. ती माझ्याकडे उलटं बघून हसली. तुम्ही अलगद तिचे गुडघे दाबून सरळ केलेत आणि पायाकडची फळी सरकवलीत. एकदा, मग पुन्हा एकदा.

साडेसहासष्ट.

मग कार्डावर टिंब टाकून तिन्ही टिंबं जोडलीत. नऊ महिन्यांच्या मुलीची सरासरी ७० च्या आसपास असते, म्हणजे आमची बुटकीच. पण ती धोक्याच्या रेषेच्या वर होती आणि आपल्याच वाटेने चढत होती. हिची उंची चार फूट दहा, माझी पाच तीन. तुम्ही आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलंत आणि हसलात. तीन दिवसांत पहिल्यांदा हीसुद्धा हसली. खोटा दिलासा मात्र दिला नाहीत. दोन महिन्यांनी परत आणा म्हणालात, आणि तोवर वरणाचं नुसतं पाणी नको, घट्ट वरण, अंडं, भातावर तूप.

एसटीचा कंडक्टर म्हातारीचं गाठोडं आत घेईपर्यंत घंटी मारत नाही, तो ह्याच जातीचा माणूस. अशांचा कोणी सत्कार करत नाही. पगार तरी वेळेवर होत असेल अशी आशा आहे.

अकराव्या महिन्यात ६९ भरली. पावडरचा डबा फडताळात तसाच आहे, आत्याला दिसेल असा.

पुढच्या मोजणीला डोकं मीच धरणार. हात घासून येईन. त्या दिवशी बोटांना केळीच्या चिकाचे काळे डाग होते, घरी आल्यावर बघितले. तुम्हाला दिसले असणारच.

तुमचा,
गुलाबी कार्डवाल्या पोरीचा बाप