मनूचं औषध आणि मनूचा अभ्यास

लेस्टर, इंग्लंड

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "फिट थांबल्या ना, मग औषध बंद करा. त्यानंच पोर मंद झालीय." मनू शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. आता सविस्तर लिहिते.

मनूची फिट म्हणजे आकडी नव्हे. अंग झटकत नाही, तोंडाला फेस येत नाही. आठ-दहा सेकंद ती नुसती थांबते आणि मग काहीच न घडल्यासारखी पुढे चालू होते. इथल्या डॉक्टरांनी तिच्या हातात भिरभिरं देऊन फुंकत राहायला सांगितलं होतं, कारण भराभर खोल श्वास घेतला की या फिट येतात. थोड्या वेळानं भिरभिरं मंदावलं, तिच्या पापण्या फडफडल्या, नजर कुठेतरी लागून राहिली. ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, त्याच वेळी सेकंदाला तीन अशा टोकदार लाटा उमटत होत्या. मग तिनं विचारलं, "अजून फुंकू?" तिला काही कळलंच नव्हतं. औषधाआधी दिवसातून कितीतरी वेळा असं व्हायचं. बाबा, 'सात चोक'वर थांबून ती परत 'सात एके'पासून सुरू करायची ना, ते यामुळेच.

औषधांनी सुस्ती येते, चिडचिड वाढते, हे काही औषधांच्या बाबतीत खरं आहे. तुमची शंका मी डॉक्टरांना विचारली होती. अमेरिकेत अशाच फिट येणाऱ्या साडेचारशेच्या आसपास मुलांमध्ये तीन औषधांची तुलना झाली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट फिट थांबवण्यात सारखीच ठरली, पण लक्ष टिकवण्याचा त्रास इथोसक्सिमाइडवर कमी दिसला. म्हणून मनूला तेच दिलंय. आणि बाबा, हे नीट वाचा: त्या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलांना औषध सुरू होण्याआधीच लक्षाची अडचण होती आणि फिट थांबल्यावरही ती आपोआप गेली नाही. ज्या बिघाडामुळे फिट येतात, त्याचाच तो भाग. मनू ढ नाही, आळशी तर अजिबात नाही. मन लावून करते, पण लवकर थकते.

शाळेत तिला पुढच्या बाकावर बसवतात. बाई एका वेळी एकच सूचना देतात आणि ती चिठ्ठीवर लिहूनही देतात. गणिताला जास्त वेळ मिळतो. एवढ्यानंसुद्धा तिचा चेहरा बदललाय.

आई, "मुलीची जात आहे, कुणाला सांगू नका," हे तू काळजीनं म्हणतेस. पण बाईंना माहीत नसेल तर पोरगी विनाकारण बोलणी खाईल. लग्नाची चिंता आतापासून नको. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार, म्हणजे हाच फिटचा आजार, लग्नाच्या आड येणारी जी अट होती, ती १९९९ मध्येच काढून टाकलीय.

मावशीच्या नातवाचंही मनात आहे. त्याच्या फिट आटोक्यात आहेत, तरी वाचनात मागे पडतो म्हणून मार खातो, हे ऐकून रात्री झोप लागली नाही. त्याची अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला सांगा. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. आणि फिट आली की कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर लगेच दवाखाना.

औषध बंद करण्याचा विचार साधारण दोन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टरच करतील, तेही हळूहळू कमी करत. तोवर एकही डोस चुकवायचा नाही. सुट्टीत ती तुमच्याकडे असेल तेव्हाही, बाबा.

पाढे मात्र तुम्हीच घ्या, तिला तुमच्याशीच आवडतात. एका वेळी एकच पाढा, थांबली तर टोकू नका, मागची ओळ पुन्हा म्हणा. रविवारी तुमच्या दुपारी फोन करते.

तुमची,
वैशू